गोल मामी, चौकोनी काका

घोटीव कागदाच्या चौकोनातून गोल कापला की चार कोपरे उरतात. ते खरं तर टाकून द्यायचे असतात. पण टाकवत नाहीत. कुणाची तरी भुवई होईल, कुणाच्या तरी कानात शोभेल, म्हणून आपण ते पिशवीत ठेवत जातो आणि सत्र संपत आलं की पिशवीत चित्रं कमी आणि कोपरेच जास्त निघतात. शाळेतल्या किश्शांचं असंच आहे. शिकवायला जावं एक, उरतं भलतंच.

मी मूळची डोंगरकड्याची. गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन कुरुंद्याला आले आणि शाळा उघडल्यावर जवळच्याच एका गावात चित्रकला शिकवायला लागले. तासावर. म्हणजे तास असेल तर मी आहे, तास नसेल तर नाही. स्वभावाने मी अबोल. नव्या सुनेचं गप्प राहणं लोक गुणात धरतात, त्यामुळे लग्नानंतर मी ते मनापासून वाढवलं. गप्प राहण्याचा एक फायदा असतो. आपण ऐकतोय असं वाटून समोरचा बोलत राहतो. आणि आपण खरंच ऐकत असतो.

०

सातवीच्या पहिल्याच तासाला मी म्हटलं, "घरातल्या कुणाचाही चेहरा काढा."

तास संपला तेव्हा असं निघालं की सगळ्यांच्या घरी एकच बाई राहते. बदामी डोळे, वर वळलेल्या पापण्या, लाल ओठ, हनुवटीवर तीळ. पोरांनीही तीच काढली होती. एकाने तिच्याखाली नीट अक्षरात लिहिलं होतं, 'आमचे आजोबा'.

पुढच्या तासाला मी सगळ्यांच्या पेन्सिली दप्तरात ठेवायला लावल्या. आता फक्त गोल, चौकोन आणि त्रिकोण. घोटीव कागद कापायचा, डिंकाने चिकटवायचा आणि त्यातून माणूस उभा करायचा. माणूस नीट बघा, म्हटलं. कुणी गोल असतं, कुणी लांबट असतं, कुणाला कोपरे असतात.

ओंकार नावाचा एक पोरगा आहे, त्याला कुठलीही गोष्ट आधी पटावी लागते. तो उभा राहिला. "मॅडम, माणसाला कोपरे कसे असतेन?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "तू माझ्या काकाला बघितलं न्हाई अजून."

पुढे ते काका काही कामाने शाळेत आले, तेव्हा मी बघितलं. असतात.

०

पहिली घटक चाचणी झाली आणि गणिताचे सर उत्तरपत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. सर वयाने मोठे. फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ मारतात आणि मग ती सरळ आहे हे पट्टी लावून दाखवतात.

"वाचा, मॅडम."

प्रश्न होता, वर्तुळ म्हणजे काय? ओंकारने लिहिलं होतं, 'वर्तुळ म्हणजे आमची मामी.'

"आता खालचा वाचा."

त्रिकोणाला किती बाजू असतात? 'तीन. पण आईच्या डोक्यावरच्याला दोनच दिसतात. तिसरी पदराखाली जाते.'

"ह्याला मी काय मार्क देऊ, तुम्हीच सांगा."

आधी एकदा मामी बघून या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

"जन्मभर त्रिकोण शिकवला मी," सर म्हणाले. "त्याला कुणी कान चिकटवले नव्हते."

तिथून ते तडक मोठ्या सरांकडे गेले. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. चित्रकलेचे तास मला द्या, पोरांचं गणित कच्चं आहे, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, असं गणिताचे सर म्हणाले. मोठ्या सरांनी मलाही बोलावून घेतलं. मोठे सर सज्जन आहेत, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटतं. आणि मी बोलतच नसल्याने शेवटचं बोलणं कायम गणिताच्या सरांचं असतं.

"बराबर आहे," मोठे सर त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांना कसंतरी झालं असावं. "पण दिवाळीनंतर बघू."

म्हणजे दिवाळीपर्यंत मी होते.

०

घरी हे सांगणं भाग होतं. सासूबाईंना मी आई म्हणते. नोकरीला आईंनी मोडता घातला नव्हता, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरली होती. "शाळा हाय तवर शाळा. एकदा सुटली की मग दुसरीकडं कुठं शोधत बसायचं न्हाई. घर काय ओस पडलंय?"

घर ओस पडलेलं नाही. उलट चांगलं भरलेलं आहे. पण घरी मी 'अगं' आहे, गल्लीत 'ह्यांची नवी सून' आहे आणि माहेरी आता 'आलेली पोरगी' आहे. दिवसातून दोन तास कुणीतरी मला 'मॅडम' म्हणतं, तेव्हा त्या हाकेला ओ देणारी बाई कोण, हे बघायला मलाही बरं वाटतं. ते दोन तास जाऊ नयेत, एवढंच मला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी वर्गात दाखवायला नमुना करत बसले होते. आई डाळ निवडता निवडता वाकल्या.

"कोण हाय हे?"

"हे," मी म्हटलं.

"हे कोण?"

"हेच."

"अगं, हेच म्हंजे कोण?"

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. आता घोटीव कागदाला जुळेल असा उखाणा आयत्या वेळी कुठून आणू? मी नुसतं दाराबाहेरच्या ओट्याकडे बघितलं. ओट्यावर हे मोबाइल बघत बसले होते.

आईंनी ओट्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. चित्रातल्या चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी दोन भलेमोठे त्रिकोण होते.

"माझ्या लेकराचे कान असे हायत?"

मी डिंकाचं झाकण लावलं.

आई चहाचा कप घेऊन बाहेर गेल्या. कप ठेवून परत यायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. आत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"हायत," त्या म्हणाल्या. "पर लहानपणी रात्रंदिवस टोपडं बांधून ठेवलं व्हतं मी. पोरगी देणाऱ्यालाबी दिसू दिले न्हाईत. अन् तू ते शाळंत टांगून राहिली व्हय?"

पोरगी देणारा म्हणजे माझे वडील. ते चित्र शाळेत गेलं नाही. आईंनी ते पेटीत साड्यांच्या खाली ठेवलंय. वर्गाला नमुना म्हणून मी शेवटी शाळेची घंटा केली.

०

दिवाळीच्या सुट्टीआधी मी पोरांना चित्रं घरी न्यायला सांगितली. वाटलं, घरच्यांना दाखवतील, घरचे चार शब्द चांगले बोलतील, ते मोठ्या सरांच्या कानावर जातील. अबोल माणसाला असे लांबचे डाव सुचतात.

सुट्टी संपली त्या दिवशी ओंकारचे आबा काठी आपटत शाळेत आले.

"मॅडम कोण हाय इथं?"

"मी."

"मी जित्ता हाय," आबा म्हणाले.

मला काही कळेना. "हो," मी म्हटलं. "दिसतंय."

"तुमाला दिसतंय. गावाला न्हाई दिसून राहिलं."

झालं होतं असं. ओंकारने आबांचा चेहरा केला, त्याला पुठ्ठ्याची चौकट लावली आणि बैठकीत पणजोबांच्या फोटोशेजारी टांगला. आता आपल्याकडे भिंतीवर चौकटीत कोण जातं, हे सांगायला नको. शेजारच्या बाई लक्ष्मीपूजनाचा फराळ द्यायला आल्या, त्यांनी चित्राला हात जोडले आणि आत जाऊन आजींना जवळ घेतलं. आबा तेव्हा शेतात होते, त्यामुळे आजींना वाटलं, शेतातूनच काही बातमी आली. परत आले तर दारात चपलांचा ढीग आणि आत बायांचा गळा काढणं चाललेलं. कोण गेलं म्हणून तेही घाबरून आत शिरले.

"दिवाळीत, मॅडम. ऐन दिवाळीत बायांनी माझ्या नावानं रडायचं."

मोठे सर आवाज ऐकून बाहेर आले. गणिताचे सरही आले, आणि 'बघा' अशा नजरेने मोठ्या सरांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, संपलं. मी आबांना हात जोडले, चूक झाली म्हटलं, चित्र परत घेते म्हटलं.

आबांनी पिशवीतून चित्र काढलं. पण माझ्या हातात देईनात.

"परत कशाला घेता? मी काय म्हणून राहिलो, तुमी ऐका तर." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "हा उजवा गाल बघा, दबलाय. पोराला शिकवून जरा भरून घ्या. उद्या मी खराच गेलो तर हाच लावतेन ना."

मोठे सर आबांना गेटपर्यंत सोडून आले. मग म्हणाले, "संक्रांतीनंतर बघू."

०

संक्रांत झाली. मोठे सर म्हणाले, "मी स्वतः एक तास बघतो, मग ठरवतो." आणि खरंच येऊन मागच्या बाकावर बसले.

त्या दिवशी मी ठरवलं की आज बोलायचं. चांगलं, भरपूर, मोठ्या सरांना ऐकू जाईल असं बोलायचं. रात्रभर मनात घोकून आले होते.

रंगांचा तास होता. आमच्या पोरांना एक खोड आहे. चेहरा म्हटला की कागदाच्या गठ्ठ्यातला फिकट गुलाबी कागद शोधतात आणि त्याला 'अंगाचा रंग' म्हणतात. त्या रंगाचं अंग आमच्या तालुक्यात मी अजून बघितलेलं नाही. तो कागद मी आधीच काढून ठेवला होता. म्हटलं, आपापल्या माणसाला शोभेल तो रंग घ्या.

प्रज्ञा नावाची एक शांत पोरगी आहे. सांगितलं तेवढं करते, विचारलं तेवढं बोलते. माझा जीव तिच्यावर का आहे हे सांगायला नको. तिने आई केली होती. चेहरा त्रिकोणी, आणि चेहरा, गळा, हात, सगळं पिवळंधमक.

मला हवं होतं ते मिळालं. मी चित्र उचलून वर्गाला दाखवलं आणि सुरू झाले. रंग म्हणजे नुसता कातडीचा रंग नसतो, म्हटलं. रंगात मन असतं. पिवळा म्हणजे ऊन, पिवळा म्हणजे माया. ह्या मुलीने आईच्या चेहऱ्यात काय ओतलंय बघा. मी इतकं सलग आयुष्यात कधी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "ह्याला म्हणतात भाव. ह्या पिवळ्यात भाव आहे."

प्रज्ञाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "भाव न्हाई."

"म्हणजे?"

"हळद हाय. आई हळद शिजवायला जाऊन राहिली रोज. आंघोळ केली तरी निघत न्हाई." आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, तिने जोडलं, "भाव तर औंदा न्हाईच म्हणतेत बाबा."

मागच्या बाकावर हालचाल झाली. मोठ्या सरांची स्वतःची हळद आहे.

"पोरगी खरं बोलून राहिली," ते उठून पुढे आले. "तुझ्या बाबांनी वसमतला नेली का? काय म्हणाला व्यापारी?"

मग ओंकारच्या घरची हळद किती ओली निघाली, कुणाच्या काकांनी घरातच का भरून ठेवली, हळद शिजवायच्या कुणाच्या कुकरचं काय झालं, असा सगळा वर्ग बोलायला लागला. घंटा होईपर्यंत चित्रकलेच्या तासाला हळदीचा भाव चालला. मी पिवळं चित्र हातात धरून फळ्याजवळ उभी होते.

जाताना मोठे सर म्हणाले, "तास चांगला झाला, मॅडम. मुलं मोकळी बोलतात तुमच्या तासाला."

मी आनंदाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्यानंतर त्यांच्याशी गणिताचे सर बोलले होते.

०

गणिताच्या सरांनी या वेळी चांगलंच लावून धरलं. ते म्हणाले, माझं चित्रकलेशी वैर नाही, पण ही चित्रकलाच नाही. चित्र म्हणजे ज्याचं असेल त्याला ते ओळखू आलं पाहिजे. पालक मेळावा आहेच, सगळी चित्रं व्हरांड्यात लावा, खाली नावं घालू नका. एकाने जरी येऊन 'हा मी' म्हटलं तरी मी पुन्हा तास मागणार नाही. नाहीच कुणी म्हटलं तर सोमवारपासून तास माझे.

"बराबर आहे," मोठे सर म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

"बरं," मी म्हटलं.

पोरांना मी विषय दिला, 'रोज दिसणारं माणूस'. सगळ्यांनी जीव ओतून काम केलं. आठ दिवस शाळेत डिंकाचा वास होता.

मेळाव्याच्या दिवशी व्हरांडा भरला आणि लोक लगेच ओळखायला लागले. मला धीर आला. पण हळूहळू लक्षात आलं की ओळखतायत सगळे दुसऱ्याला.

दोन जावा एकाच चित्रासमोर उभ्या होत्या.

"ही तर तू हाय गं. नाक बघ, कसं वर."

"अक्का, नाक तुमचं हाय. मी काय इतकी रागात असते व्हय?"

"मग मी असते?"

दोघी चित्र तिथंच सोडून दोन बाजूंना गेल्या.

एक पोरगं बापाचा सदरा ओढत होतं. "बाबा, हे तुमीच." बाप म्हणाला, "गप. हा माणूस बघ की, किती थकलाय." चौकोनी काका आले, त्यांनी स्वतःचं चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "रेडिओ चांगला काढलाय." आबांचा गाल ओंकारने नव्याने भरून लावला होता. आबा त्याच्यासमोर काठी टेकून उभे राहिले आणि मला विचारलं, "हे म्हातारं कुणाकडचं?"

आईही आल्या होत्या, न सांगता. सगळी भिंत बघून माझ्याजवळ आल्या. "समदे बराबर हायत," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणूनच कुणी हो म्हणंना." आणि पदर सावरून एका खुर्चीवर जाऊन बसल्या.

व्हरांडा ओसरत आला. गणिताच्या सरांनी घड्याळ बघितलं. ते काही वाईट बोलले नाहीत, नुसते हात मागे बांधून शेवटची फेरी मारायला निघाले. मी कात्र्या गोळा करायला लागले. डिंकाच्या बाटल्या पिशवीत भरल्या. सोमवारपासून काय करायचं, ते मनात मांडून बघितलं. पहाटेचा चहा, दुपारचा चहा, पाहुण्यांचा चहा.

सर भिंतीच्या टोकाला थांबले.

तिथं लांबट आयताचा एक चेहरा होता. डोक्यावर पांढरं अर्धवर्तुळ. डोळ्यांवर दोन चौकोनी काचा. नाकाचा त्रिकोण एका बाजूला कललेला, आणि तोंडाच्या जागी नुसती एक घट्ट आडवी पट्टी.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे कुणी केलं?"

प्रज्ञा पुढे आली.

"माझं नाक एवढं विषमभुज आहे?" सरांनी विचारलं.

मोठे सर चहाचा कप घेऊन जवळच उभे होते. ते वळले. "तुमचं?"

"मग कुणाचं? चष्मा बघा. पांढरे केस बघा. आणि हे तोंड बघा. पेपर तपासताना माझं तोंड असंच होतं, घरचे रोज सांगतात मला."

"म्हणजे ओळखलं तुम्ही," मोठे सर म्हणाले.

सरांनी पुन्हा चित्राकडे बघितलं. व्हरांड्यातले उरलेले लोक जवळ आले. मी हातातल्या कात्र्या घट्ट धरल्या.

"ओळखलं," सर शेवटी म्हणाले. माणूस शब्दाचा पक्का. "तास राहू द्या त्यांचे."

"बराबर आहे," मोठे सर म्हणाले, आणि या वेळी शेवटचं बोलणं झालेलं असल्यामुळे ते कायमचं बराबर झालं.

सर प्रज्ञाकडे वळले. इतक्या मायेने एखाद्या विद्यार्थ्याशी बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी आपल्या भरघोस मिशीवरून बोट फिरवलं.

"हात चांगला आहे तुझा, बाळा. निरीक्षण चांगलं आहे. एक तेवढं राहिलं बघ. मिशी. काम अर्धवट ठेवू नये. लावून टाक."

आणि ते चहाकडे गेले.

प्रज्ञाने माझ्या पिशवीतून काळा घोटीव कागद काढला. माझ्या हातातली एक कात्री घेतली. चित्राकडे बघितलं, सरांच्या पाठीकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आली.

"मॅडम," तिने विचारलं, "आजीला मिशी लावू व्हय?"